‘कानडा राजा’ आणि सगुणाचा अर्थ

भक्तिशास्त्रावरील व्याख्यान सगुण-निर्गुणाच्या व्याख्येने सुरू झाले, की श्रोता अवघडून बसतो. तेच ‘कानडा राजा पंढरीचा’ या गीताने सुरू झाले, तर सभागृह आपसूक गुणगुणू लागते. पद आधी, निरूपण नंतर, हा नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगाचाच क्रम आहे. तेथे बहुधा संतांचे पद असते. येथे चित्रपटगीत, एवढाच फरक.

ग. दि. माडगूळकरांचे हे गीत १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातले. संगीत सुधीर फडके यांचे. गायन त्यांचे व वसंतराव देशपांडे यांचे. गीत सर्वतोमुखी असले, तरी ‘कानडा’ या शब्दापाशी थांबावे लागते. त्याचा एक अर्थ कर्नाटकाचा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या दैवताचे दक्षिणेशी असलेले नाते सविस्तर मांडले आहे. दुसरा अर्थ जुन्या मराठीतला : आकळण्यास अवघड, अगम्य. निर्गुणाची चर्चा येथूनच सुरू करता येते. जे बुद्धीला आकळत नाही, ते विटेवर उभे कसे राहिले? वारकरी संतांचे उत्तर एकच : भक्ताच्या प्रेमासाठी.

हे प्रेम कोठवर जाते, ते चित्रपटाचे नावच सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली. त्यांच्यावर बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठ्ठलाने महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी जाऊन धान्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. निर्गुणाने सगुण रूप घेतले; तेही समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाचे.

व्याख्यात्याची खरी कसोटी येथेच लागते. कथेत देव महार झाला. प्रत्यक्षात मात्र त्या समाजाला पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. चोखामेळ्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्यानंतर ते दार उघडले. हा भाग गाळला, तर गीत श्रोते जमवण्यापुरते उरते. सांगितला, तर सगुणाची चर्चा ग्रंथात न राहता शेजारी बसलेल्या माणसापर्यंत येऊन पोहोचते.