दिवाळीच्या फराळाची कोठी : तयारी घटस्थापनेपासून



आश्विन महिना म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. सोयाबीन कापायचे, भुईमूग उपटायचा, बाजरीची कणसे खुडायची आणि वापसा आहे तोवर रब्बी ज्वारी पेरायची. या धांदलीत दिवाळी उंबऱ्यावर येते. मग वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरधनीण हरभऱ्याच्या डाळीचा डबा उघडते, आणि बघते तो काय? वर भुंगेरे फिरताहेत, खाली बोटभर पीठ साचलेले. हरभरा घरचा, होळीच्या आधी आपणच काढलेला. तो गेला किड्यांच्या पोटात आणि आता बेसन आणायचे दुकानातून, तेही ऐन सणाच्या भावाने आणि बहुधा उधारीवर. ही उधारी मग रब्बीच्या खताच्या पैशातून फिटते. म्हणून आज फराळाच्या पाककृती सांगत नाही, त्या तुमच्या घरी आमच्यापेक्षा चांगल्या येतात. आज सांगायचे आहे ते कोठीविषयी, म्हणजे फराळाचा माल वेळेवर आणि चांगला हाती कसा लागेल याविषयी. कारभाऱ्यांनो, तुम्हीही वाचा. हे बायकांचे काम म्हणून पान उलटू नका, कारण कोठीत घातलेले पैसे दोघांचे आहेत.

घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजन साधारण महिनाभरावर असते, दसऱ्यापासून वीस दिवसांवर. घट बसण्याआधी आपण घर झाडतो, सारवतो, भांडी बाहेर काढतो. त्याच दिवशी कोठीही बाहेर काढा. प्रत्येक डबा, कणगी, बरणी उघडून तळापर्यंत हात घाला. वरवर बघून झाकण लावू नका. किडा तळाशी आणि कडेला असतो, वरचे धान्य ठीक दिसते.

आधी हे समजून घ्या की धान्य बिघडते का. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि धान्य त्या हवेतला ओलावा ओढून घेते. साठवणीच्या धान्यात ओलावा शेकडा १२ पेक्षा जास्त नसावा, कडधान्यात तर १० च्या आतच बरा. तो मोजायला घरी यंत्र नाही, पण दात आहेत. दाणा दाताखाली धरून चावा. कट्ट असा आवाज होऊन फुटला तर वाळलेला आहे. दबला, चेपला, तर ऊन द्यायला हवे. पावसाळा सरल्यावर जे कडक ऊन पडते ते यासाठी फुकटचे औषध आहे. ताडपत्रीवर किंवा स्वच्छ सारवलेल्या अंगणात धान्य बोटभर जाडीने पसरा, दोन-तीन दिवस ऊन द्या, अधूनमधून पाय घालून हलवा. उन्हाने किडे बाहेर पळतात. ते तिथेच घराकडे परत येऊ देऊ नका. धान्य चाळून घ्या आणि चाळण कोंबड्यांपुढे टाका किंवा लांब नेऊन जाळा.

इथे एक चूक पुष्कळ घरांत होते. संध्याकाळ झाली की तापलेले धान्य तसेच डब्यात भरतात. गरम धान्य बंद डब्यात रात्री घामेजते, झाकणाखाली पाणी सुटते आणि आठ दिवसांत वास येतो. धान्य सावलीत पूर्ण निवू द्या, मगच भरा. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका, दाणा तडकतो आणि कणी पडते. तांदूळ सावलीतच वाऱ्यावर पसरावा आणि चाळावा.

आता हरभऱ्याचे बघू, कारण दिवाळीचे निम्मे फराळ त्याच्यावर उभे आहे. कडधान्याचा भुंगेरा बहुतेक वेळा शेतातूनच आपल्या घरी येतो. घाट्यावर किंवा दाण्यावर मादी अंडी घालते. दाणा हातात घेऊन नीट बघा, बारीक पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल. ते अंडे. त्यातली अळी दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि भुंगेरा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार दमट हवेत हे सगळे महिनाभरात होते. म्हणजे चैत्रात डब्यात दहा भुंगेरे असले तर आश्विनापर्यंत त्यांच्या पाच-सहा पिढ्या होतात! म्हणून फराळाचा हरभरा अख्खा ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच भरडून डाळ करून ठेवावा. सालीच्या अख्ख्या दाण्याला भुंगेरा जितका लागतो तितका डाळीला लागत नाही. बेसन मात्र तेव्हा दळून ठेवू नका. पिठाला हवा लागली की ते जुने होते, कडवट लागते, जाळी धरते. डाळ ठेवा, दळण दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी.

ठेवायचे कसे? मोठ्या एका कोठीपेक्षा लहान चार डबे बरे. कोठी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते. डबा काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि किड्याला जगणे अवघड होते. झाकणाची फट कापडी पट्टीने किंवा मेणाने बंद करा. डब्यावर खडूने लिहा, काय आहे आणि कधी भरले. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरांना हे काम द्या, हौसेने करतात. डबे जमिनीवर टेकवू नका. फळी टाकून वीतभर उंच ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात भिंत ओली असते, आणि भिंतीला चिकटलेल्या डब्यामागे उंदीर सुखाने घर करतो.

कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून धान्याच्या थरांत घालावा, ओला पाला घालू नये. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल तेल चोळावे, किलोला चहाचा एक चमचा पुरतो. बेसनाच्या डाळीला एरंडेल नको, वास लाडवात उतरतो. बियाण्याच्या कडधान्यात चाळलेली राख मिसळण्याची जुनी रीत चांगली आहे, ती मोडू नका.

आता जी गोष्ट सांगायची ती जरा कडक शब्दांत सांगतो. खायच्या धान्यात विषारी पावडर किंवा गोळ्या घालू नका. पूर्वी गावोगाव बी.एच.सी.ची पावडर धान्याच्या पोत्यांत घालायचे. ई.डी.बी.च्या काचेच्या कुप्या कोठीत फोडा, असे तर सल्ला देणारेही सांगत. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते सांगितले गेले. आज काय? बी.एच.सी. आपल्या देशात १९९७ साली बंद झाली आणि ई.डी.बी. २००१ साली. कोणाच्या माळ्यावर जुना डबा शिल्लक असेल तर तो स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. आणि त्या दुसऱ्या गोळ्या, ज्यांना आपण सल्फासच्या गोळ्या म्हणतो. ओलावा लागला की त्यांतून जो वायू सुटतो तो माणसाला मारतो. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास येतो, पण वास येईपर्यंत थांबणे म्हणजे जिवाशी खेळ. या विषावर नेमका उतारा नाही. त्या गोळ्या सरकारी गोदामे आणि शिकलेली माणसे यांच्यासाठी आहेत. ज्या घरात लेकरे झोपतात, त्या घरात त्या ठेवू नयेत. गोळी कुणी “शेजाऱ्याने दिली” म्हणून आणली असेल, तर ती परत करा.

तसेच औषधाचा रिकामा डबा. डबा मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, टाकून द्यायला जीव होत नाही, हे आम्हाला कळते. पण फवारणीच्या औषधाचा डबा तीनदा काय, तीस वेळा धुतला तरी त्यात तेल, पीठ, गूळ ठेवू नये. त्याला भोके पाडून निकामी करा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्याही हाती लागणार नाही. तेल आणायला रॉकेलचे कॅनही नको.

भुईमुगाविषयी माझ्याच घरचे सांगतो. एका वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंगा नीट वाळल्या नाहीत. आईने वरून चांगल्या दिसणाऱ्या शेंगा फोडून दाणे चिवड्यासाठी ठेवले. दिवाळीत डबा उघडला तर दाण्यांवर हिरवट बुरशी. आई म्हणाली, “तेलात तळले की जाईल.” आजी होती म्हणून बरे, तिने सगळे दाणे उकिरड्यात टाकायला लावले. आजीला कारण माहीत नव्हते, मला नंतर कळले. ओलसर भुईमूग आणि मका यांवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर जाते, आणि तळून किंवा भाजून ते जात नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अवकाळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. तेव्हा काळपट, हिरवट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून टाका. ते जनावरांनाही घालू नका. साठवण शेंगांचीच करा, दाण्यांची नको. सालीत दाणा जास्त टिकतो. शेंग वाजवून बघा, आत दाणा खुळखुळ वाजला म्हणजे वाळली. चिवड्यापुरत्या शेंगा दिवाळीच्या आठवड्यात फोडा.

आता माल किती लागेल? सहा-सात माणसांच्या घराला, चार पाहुणे आणि लेकीचे माहेरपण धरून, ढोबळ अंदाज असा. बेसनाला हरभराडाळ २ किलो, भाजणीला तांदूळ २ किलो आणि हरभरा, उडीद, मूग या डाळी मिळून पावणेदोन किलो, रवा २ किलो, शंकरपाळ्या-करंज्यांना मैदा किंवा गव्हाचे चाळलेले पीठ दीड किलो, पातळ पोहे दीड किलो, शेंगदाणे दीड किलो, साखर ५ किलो, गूळ २ किलो, तेल ५ किलो. हे काही वेदवाक्य नव्हे, तुमच्या घराचा हात तुम्हाला माहीत. पण यादी कागदावर मांडा आणि घरात काय आहे ते वजा करा. उरले तेवढेच बाजारातून आणा. पुष्कळ घरांत बाजारचा खर्च साखर, रवा, पोहे आणि तेल एवढ्यावरच भागेल.

साखर आणि गूळ दसऱ्यानंतर आणा, पावसाळ्यातला गूळ पाझरलेला असतो. गूळ निवडताना पिवळाधमक, पांढुरका बघून भुलू नका, तो रंग पुष्कळदा रसायनाने आणलेला असतो. थोडा काळसर पण कडक आणि खडीदार गूळ घरात टिकतो. अनारशाला तर असाच हवा.

अनारशाची तयारी सगळ्यांत आधी. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. मग निथळून कापडावर सावलीत पसरा, अंगचा ओलसरपणा थोडा राहू द्या आणि तसाच कुटून चाळा. बेताने किसलेला गूळ मिसळून मळा आणि बरणीत झाकून ठेवा. हे पीठ चार-पाच दिवस मुरले की जाळी चांगली पडते. कोजागिरीनंतर आठवड्याभरात तांदूळ भिजत घातला की वेळ बरोबर येते. भाजणीचे तसे नाही, ती दिवाळीच्या आठ दिवस आधी केलेली पुरे. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, मूठभर धने आणि चमचाभर जिरे. धुऊन, वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. एकत्र भाजले की डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो.

रवा आणला की लगेच कोरडा भाजून ठेवा, त्यात किड्यांची अंडी असली तर मरतात. खोबऱ्याच्या वाट्या तूरडाळीत पुरून ठेवाव्या. लोणी नवरात्रापासून साठवत असाल तर फार दिवस ठेवू नका, आठवड्याला कढवून तूप करा. तुपाच्या बरणीत ओला चमचा गेला की आठ दिवसांत खवट वास येतो, हे लेकरांना नीट सांगून ठेवा. पितळेच्या पातेल्यांना कल्हई आहे का तेही बघा, कल्हईवाला दिवाळीच्या तोंडावर सापडत नाही.

गिरणीचे सांगायचे राहिलेच. शेवटच्या चार दिवसांत गिरणीवर ही गर्दी, त्यात वीज गेली तर पाटी ठेवून रात्रभर बसा. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून दिवस ठरवावा आणि दळणे एकापाठोपाठ घ्यावी. गिरणीवाल्याला आधी सांगा, की बेसन आणि भाजणी मिरचीच्या किंवा बाजरीच्या दळणानंतर नको. आधी थोडा तांदूळ घालून जाते साफ करून घ्या. त्या तांदळाचे पीठ घावनाला होते, वाया जात नाही.

फराळ झाला की रिकामे डबे तसेच फेकून देऊ नका. धुऊन, दोन दिवस उन्हात उपडे घालून, झाकणासह माळ्यावर ठेवा. होळीच्या सुमारास हरभरा येईल तेव्हा तेच लागतील.