अर्ध्या भुकेचं पूर्ण जेवण

वजन घटवायचे सल्ले आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. जेवणाआधी ग्लासभर पाणी प्या, सुरुवात काकडी-गाजराने करा, सूप घ्या, वर ताक प्या, ताटात निम्मी भाजी वाढून घ्या. सल्ले चांगलेच आहेत, पण ज्याला सडकून भूक लागते त्याच्यासाठी. त्याचं पोट भरावं आणि उष्मांक मात्र थोडे जावेत, एवढाच त्यांचा हेतू. ज्याची भूकच मेली आहे त्याने हेच केलं, तर चार घासांत पोट गच्च होतं आणि त्या चार घासांत काकडीशिवाय काही नसतं.

अशी माणसं आता घरोघरी दिसू लागली आहेत. मार्च २०२५मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. एकात टिर्झेपाटाइड आहे, दुसऱ्यात सेमाग्लुटाइड. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ही औषधं त्याचंच काम करतात, फक्त कितीतरी जास्त वेळ. जठरातलं अन्न सावकाश पुढे सरकतं आणि मेंदूला ‘पुरे झालं’ असा निरोप सतत जात राहतो. इंजेक्शन न घेताही भूक मंदावलेले लोक आहेतच: साठी ओलांडलेले, मधुमेहाच्या काही गोळ्या घेणारे, महिनोन् महिने अर्धपोटी डाएट करून खाण्यावरची इच्छाच उडालेले.

शेजारच्या एका काकूंचा दिवस पाहा. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो, इंजेक्शन सुरू. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि पपईच्या फोडी. अकराला दोन चमचे पोहे. दुपारी ताटलीभर काकडी-टोमॅटो, एक फुलका, थोडी पालेभाजी आणि पातळ ताक. संध्याकाळी मूठभर कुरमुरे, रात्री दुधी भोपळ्याचं सूप. “भूकच नाही गं, बळजबरीने काय कोंबू?” असं त्या म्हणतात आणि घरचे त्यांच्या संयमाचं कौतुक करतात. हिशेब मांडला तर या दिवसभरात प्रथिनं जेमतेम १५ ग्रॅम आणि उष्मांक पाच-सहाशे. आठशेच्या खालचा आहार डॉक्टर फक्त देखरेखीखाली देतात. काकू मात्र तो कुणालाही न विचारता घेत होत्या.

प्रथिनांची गरज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२०मध्ये निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सांगितलं. काकूंच्या उंचीला शोभेल असं ५५ किलो वजन धरलं तरी ही गरज ४५ ग्रॅमच्या वर जाते. वजन उतरत असताना आहारतज्ज्ञ त्याहून जास्त, साधारण १.२ ग्रॅमच्या हिशेबाने म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास घ्यायला सांगतात, कारण खाणं कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरलं. त्यांतल्या काही जणांचं शरीर यंत्राखाली मोजलं, तेव्हा गेलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हताच. तो सगळा स्नायू होता असं म्हणता येणार नाही, पाणी आणि इतर उतीही त्यात येतात. तरी आकडा काळजी वाटावी असाच आहे.

आणि आपल्याला ही काळजी इतरांपेक्षा जास्त हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतो, हे त्या एका पानात स्वच्छ दिसलं. मुळात तुटपुंजा असलेला स्नायू डाएटच्या नावाखाली घालवणं आपल्याला परवडणारं नाही. तो गेला की साखर वापरणारी मोठी जागाच कमी होते, जिना चढताना धाप लागते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो.

अर्धपोटी राहिलेल्या शरीराचं काय होतं, हे पाहायला १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं ते खाणं होतं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने उतरलं. त्यांना सतत थंडी वाजे, केस गळत, कशात मन लागत नसे आणि रात्रंदिवस अन्नाचेच विचार येत. भूक ही शरीराची घंटा आहे आणि त्या तरुणांच्या कानात ती अखंड वाजत होती. काकू त्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच खातात आणि त्यांची घंटा औषधाने बंद केलेली आहे. केस त्यांचेही दोन-तीन महिन्यांनी गळायला लागले, तेव्हा घरच्यांनी तेल बदललं.

मग करायचं काय? जेवणाचा क्रम उलटा करायचा. पहिले पाच-सहा घास प्रथिनांचे: घट्ट वरण, पिठलं, अंडं, मासा, पनीर, उसळ. मग भाजी. भाकरी-भात सर्वांत शेवटी, जागा उरली तर. पाणी, ताक, सार जेवणाच्या ताटावरून उठवायचं आणि दोन जेवणांच्या मध्ये घोट घोट घ्यायचं. पाणी कमी करायचं नाही, फक्त त्याची वेळ बदलायची. नाहीतर बद्धकोष्ठ मागे लागतं. भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे बघून दर तीन-साडेतीन तासांनी थोडं खायचं.

मराठी ताटाची डावी बाजू अशा वेळी फार कामाची आहे, आणि डाएटवाले पहिली कात्री नेमकी तिथेच लावतात. शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची, कारळ्याची कोरडी चटणी. दोन चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शेंगदाण्याच्या चटणीत पाच ग्रॅम प्रथिनं आणि शंभरावर उष्मांक असतात. एरवी शेंगदाणा मोजून खावा हे खरं, पण ज्याच्या पोटात चारच घास जाणार आहेत त्याच्या प्रत्येक घासात काहीतरी भरीव असायला हवं. शिवाय तिखट-आंबट चवीने तोंडाला पाणी सुटतं. जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून चघळायची जुनी रीतही याच कामाची.

काकूंचाच दिवस आता नव्याने लावू. सकाळी कपभर दूध आणि मुगाची दोन छोटी धिरडी: १३ ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट वरण, ५० ग्रॅम पनीर, अर्धी भाकरी, दोन चमचे चटणी: २३-२४ ग्रॅम. चारला मूठभर फुटाणे: सहा ग्रॅम. रात्री मुगाची मऊ खिचडी, वर चमचाभर तूप आणि छोटी वाटी दही: नऊ-दहा ग्रॅम. पन्नाशी गाठली, आणि पोटावर भार पहिल्या दिवसापेक्षा फारसा जास्त नाही. मांसाहारी घरात हे आणखी सोपं. दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात, आणि सुकटीची चटणी तर चमच्याचमच्याने प्रथिनं देते. मळमळत असेल त्या दिवशी मेतकूट-भात, दहीभात, चक्का असं गार किंवा कोमट, कमी वासाचं खावं.

वासाचा मुद्दा बायकांच्या बाबतीत मोठा आहे. फोडणीच्या धुरात तासभर उभी राहिलेली बाई जेवायला बसते तेव्हा तिची उरलीसुरली इच्छाही गेलेली असते. त्यातून ती बसते शेवटी, आणि वरण संपलेलं असतं. इंजेक्शन घेणाऱ्या बाईचं ताट आधी वाढलं पाहिजे, आणि स्वयंपाक काही दिवस दुसऱ्याने केला पाहिजे. घरातल्या पुरुषांनी ओट्यापाशी उभं राहणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

उपासांचंही तसंच. संकष्टी, एकादशी, गुरुवार धरून आठवड्याला दोन दिवस साबुदाण्यावर काढले तर प्रथिनं जवळजवळ शून्य. उपास सोडवत नसेल तर राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध-दही यांवर करावा. मधुमेहाला ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी झाल्यावर साखर एकदम उतरू शकते. मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायलाच हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वरचे प्रथिनांचे आकडे स्वतःला लावू नयेत, त्यांचा हिशेब वेगळा.

नुसत्या खाण्याने स्नायू टिकत नाही, त्याला कामही लागतं. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं एक दिवसाआड केलं तरी सुरुवात होते. चालणं चांगलंच आहे, पण ते याची जागा घेत नाही. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरावं. फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी गडद होऊन चक्कर येत असेल, तर पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता दवाखाना गाठावा. आणि कोणतंही औषध किंवा डाएट नसताना भूक गेली, वजन उतरू लागलं, तर आनंद मानू नये. क्षयरोग, थायरॉइड, नैराश्य, कर्करोग यांची तपासणी आधी.

दिवाळीत या मंडळींची पंचाईत होते. जठर सावकाश रिकामं होत असताना चकली, करंजी, शंकरपाळे एका बैठकीत खाल्ले तर रात्रभर तळणाचे ढेकर येतात. एका वेळी एकच पदार्थ घ्यावा. चिवडा असेल तर त्यातले शेंगदाणे आणि डाळं आधी वेचून खावं. बेसनाचा अर्धा लाडू दुधाच्या कपाबरोबर घेतला तर चालतो, मात्र मधुमेह असेल तर साखर मोजून. आणि पाहुण्यांच्या घरी निघण्याआधी एक अंडं किंवा वाटीभर घट्ट वरण पोटात गेलेलं असावं.