खडू, पाटी आणि विजेवर पळणारा ससा

आयपीएलच्या दिवसांत कुठल्याही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये जा. टीव्हीवर मॅच चालू असते आणि निम्म्या माना मात्र मोबाइलमध्ये असतात. स्क्रीनवर आकडे हलत असतात, १.८५, २.४०, परत १.९०. याला म्हणायचं 'भाव'. हा भाव कोण ठरवतं, असं विचारलं तर उत्तर येतं, 'अगं, ॲप ठरवतं.' पण ॲपच्या आधी कोण ठरवायचं?

ॲपच्या आधी एक माणूस ठरवायचा. लाकडी खोक्यावर उभा, डोक्यावर हॅट, गळ्यात नाव रंगवलेली चामड्याची पिशवी, शेजारी काळी पाटी आणि बोटांना खडू. ब्रिटिश पाथेचे जुने वार्तापट यूट्यूबवर आहेत. एका प्रोजेक्टसाठी भलतंच काही शोधताना मी त्यात शिरले आणि दोन रात्री बाहेरच आले नाही. घोड्यांची शर्यत आपल्याला महालक्ष्मीमुळे निदान ऐकून तरी माहीत असते. इथे मात्र कुत्रे पळत होते. सडपातळ, धनुष्यासारख्या पाठीचे ग्रेहाउंड, आणि त्यांना बघायला कोट-टोपीतली सगळी गिरणी-कामगार जनता लोटलेली.

कुत्र्यांच्या या खेळाची ब्रिटनमधली तारीख पक्की आहे. २४ जुलै १९२६, मँचेस्टरचं बेल व्ह्यू मैदान. त्याआधी कुत्रे खऱ्या सशामागे सोडले जायचे, मोकळ्या रानात. अमेरिकेत ओवेन स्मिथ नावाच्या माणसानं रुळावरून पळणारा विजेचा ससा तयार केला आणि खेळ रानातून थेट शहरात आला. पहिल्या संध्याकाळी बेल व्ह्यूला सतराशेच्या आसपास लोक होते. पुढच्या काही आठवड्यांत ही गर्दी हजारोंनी वाढली आणि वर्षभरात लंडनसकट सगळ्या देशात ट्रॅक उभे राहायला लागले.

कारण साधं होतं. घोड्यांच्या शर्यती भर दुपारी, कामाच्या दिवशी, शहराबाहेर कुठेतरी व्हायच्या. पाळी सोडून तिकडे जाणार कोण? कुत्रे संध्याकाळी पळायचे, दिव्यांच्या प्रकाशात, घरापासून ट्रामच्या अंतरावर. सहा कुत्रे, सहा रंगांची जॅकेटं. एक नंबर लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारंगी आणि सहाव्याला काळे-पांढरे पट्टे. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. शर्यत साधारण तीस सेकंदांत खलास. मग पंधरा मिनिटं चर्चा, शिव्या, चहा नाहीतर बिअर, आणि पुढची शर्यत. आपल्याला रील्समुळे लक्ष टिकत नाही म्हणतात. तीस सेकंदांचं हे गणित त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

या खेळाला स्टारही मिळाला. 'मिक द मिलर' हा १९२६ साली आयर्लंडमध्ये, फादर ब्रॉफी नावाच्या पाद्र्याकडे जन्मलेला कुत्रा. १९२९ मध्ये तो लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर डर्बीसाठी आला आणि ५२५ यार्ड ३० सेकंदांच्या आत पळाला. तोपर्यंत हे कुणाला जमलं नव्हतं. तिथल्या तिथे लिलाव झाला आणि एका बुकमेकरनं त्याला ८०० गिनी देऊन विकत घेतलं. मिकनं १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी डर्बी मारली. १९३१ लाही फायनलमध्ये रेषा आधी त्यानंच ओलांडली. पण मागे दुसऱ्या एका कुत्र्यानं धक्काबुक्की केली म्हणून पंचांनी शर्यत रद्द करून पुन्हा पळवली. दमलेला मिक दुसऱ्यांदा मागे पडला. ज्यांनी त्याच्यावर आठवड्याची कमाई लावली होती, त्यांनी काही मिनिटांत पैसे कमावलेही आणि गमावलेही!

आणि या खेळाचा दबदबा किती असावा? १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधला उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीवर होऊच शकला नाही. त्या शुक्रवारी तिथे कुत्र्यांच्या ठरलेल्या शर्यती होत्या आणि स्टेडियमच्या मालकांनी त्या रद्द करायला नकार दिला. वर्ल्ड कपचा सामना गुपचूप व्हाइट सिटीला हलवला गेला.

आता बुकीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याला वाटतं की बुकी म्हणजे कुठला कुत्रा जिंकणार हे ओळखणारा हुशार माणूस. तसं नाही. कोण जिंकतंय याच्याशी चांगल्या बुकीला फारसं देणंघेणं नसतं. समजा सहा कुत्र्यांचे भाव त्यानं पाटीवर असे लिहिले: २/१, ३/१, ४/१, ५/१, ८/१ आणि १०/१. २/१ म्हणजे एक लावा, जिंकलात तर दोन वर आणि लावलेला एक परत. म्हणजे शंभर चुकते करायचे तर त्या कुत्र्यावर साधारण ३३ यायला हवेत. ३/१ वर २५, ४/१ वर २०, ५/१ वर १७, ८/१ वर ११ आणि १०/१ वर ९. करा बेरीज. ११५ होते! सगळ्या कुत्र्यांवर या प्रमाणात पैसे आले तर कुणीही जिंको, बुकीच्या पिशवीत ११५ येणार आणि १०० जाणार. वरचे १५ त्याचे. 'बुक' करणं म्हणजे हेच, आणि बुकमेकर हा शब्द त्यातूनच आला. पाटी सारखी पुसली जायची ती याचसाठी. एका कुत्र्यावर पैसे जास्त आले की त्याचा भाव खाली आणि बाकीच्यांचा वर, म्हणजे गर्दी तिकडे वळते. मागे कारकून वहीत प्रत्येक पैज पेन्सिलीनं टिपत उभा. आज ॲपमधले आकडे हलतात ते याच तत्त्वावर. फरक इतकाच की खडूची धूळ उडत नाही.

शेजारच्या बुकीनं काय भाव लावलाय हे कळणार कसं? त्यासाठी होते 'टिक-टॅक' वाले. हातात पांढरे मोजे, उंचावर उभे, आणि ट्रॅफिक हवालदाराला वेड लागल्यासारखे हातवारे. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ९/४. उजवा हात डाव्या मनगटावर म्हणजे ५/४. छातीवर हातांची फुली म्हणजे ३३/१. बोलायची भाषाही वेगळी. ३/१ ला 'कार्पेट', मग ३३/१ ला अर्थातच 'डबल कार्पेट'. फोर उलटा करून 'रूफ', टेन उलटा करून 'नेट'. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो ना, बाईंना कळू नये म्हणून? तेच, पण पैशासाठी. पाचशे पौंडांना ते 'मंकी' म्हणायचे. हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं आणि गोरे शिपाई तो शब्द घेऊन घरी गेले, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. गोष्ट झकास आहे, पण तशी नोट कुणी दाखवलेली नाही.

ट्रॅकवर हे सगळं राजरोस चालायचं. ट्रॅकच्या बाहेर मात्र १९०६ च्या कायद्यानं रस्त्यावर पैज घेणं गुन्हा होता. यातला भेदभाव बघा. ज्याच्या घरी फोन आणि बुकीकडे उधारीचं खातं, तो साहेब आरामखुर्चीतून पैज लावू शकायचा, पूर्ण कायदेशीर. ज्याच्याकडे रोखीचे दोन शिलिंग, तो गल्लीच्या तोंडाशी लावायचा आणि पोलिसांनी धरला तर कोर्टात जायचा. त्यामुळे प्रत्येक कामगार वस्तीत बुकीचे 'रनर' असायचे. कुणी न्हावी, कुणी पबवाला, कारखान्यातला कुणी सहकारी. चिठ्ठीवर खरं नाव कुणी लिहायचं नाही, टोपणनाव ठरलेलं. चिठ्ठ्या जायच्या एका खास कुलपाच्या पिशवीत. तिच्या तोंडाला घड्याळ बसवलेलं, पिशवी कधी बंद झाली ती वेळ त्यावर उमटायची. म्हणजे निकाल कळल्यावर कुणी हळूच चिठ्ठी सरकवायला नको. आणि पोलिसांना अधूनमधून आकडे दाखवायचे असले, की बुकी आपल्याऐवजी एखादा बदली माणूस अटकेसाठी उभा करायचा आणि दंड स्वतः भरायचा.

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. मुंबईचा १८८७ चा जुगारबंदी कायदा घोड्यांच्या शर्यतीला रेसकोर्सच्या कुंपणात सवलत देतो आणि कुंपणाबाहेर नाही. १८८३ पासून उभ्या असलेल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर परवानाधारक बुकी आणि टोट आणि तिथून थोड्याच अंतरावर गिरणगावात मटक्याचे आकडे. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याच्या काळातही चिठ्ठी घेणारा हा पानवाला नाहीतर खात्यातलाच कुणी असायचा. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आणि लालबागमध्ये भाषेचा फरक असेल, पद्धत एकच.

बुकी नेहमी जिंकायचे असंही नाही. ३० जून १९६४ ला डॅगनमच्या ट्रॅकवर जे झालं त्यावर वेब सिरीज कशी आली नाही कळत नाही. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका हंड्यात आणि विजेत्या तिकिटांत वाटणी. एका टोळीनं टोटच्या खिडक्यांवर आपलीच माणसं उभी केली. ती शांतपणे, मुद्दाम, हरणाऱ्या जोड्यांची तिकिटं घेत राहिली. मागच्या लोकांना खिडकीच मिळेना. पहिला-दुसरा कुत्रा अचूक सांगायच्या त्या पैजेत विजेतं तिकीट निघालं एकच, आणि दोन शिलिंगांच्या त्या तिकिटाचा भाव लागला ९८७ पौंड ११ शिलिंग ९ पेन्स. जवळपास दहा हजार पट! आणि त्याच वेळी टोळीच्या बाकीच्या लोकांनी देशभरातल्या दुकानांत टोटच्या भावानं त्याच पैजा लावून ठेवल्या होत्या. बुक्यांनी हात वर केले. १८४५ च्या कायद्याप्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नसत, त्यामुळे टोळीलाही दाद मागायला जागा नव्हती. चोरावर मोर आणि मोरावर अजून कुणीतरी.

वर 'दुकानं' म्हटलं, ती १ मे १९६१ पासून कायदेशीर झाली. सरकारला ती हवी होती पण आवडीची व्हायला नको होती. आत बसायची सोय नाही, टीव्ही नाही, काचा बाहेरून आंधळ्या. टीव्ही यायला १९८६ उजाडलं. पण गल्लीतला रनर तिथेच संपला आणि दुकानांच्या साखळ्या मोठ्या होत गेल्या.

ईस्ट लंडनजवळ शिकायला गेलेल्या एका मैत्रिणीनं मला वॉल्थमस्टो स्टेडियमच्या दर्शनी भिंतीचा फोटो पाठवला. निऑनची अक्षरं, वर पळणारा कुत्रा, आणि मागे चक्क फ्लॅट. विल्यम चँडलर नावाच्या बुकमेकरनं हे स्टेडियम १९३३ मध्ये उघडलं. डेव्हिड बेकहॅमनं पोरवयात इथे रिकामे ग्लास गोळा करायचं काम केलंय. ऑगस्ट २००८ मध्ये ते बंद पडलं. चँडलरांच्या पुढच्या पिढीतल्या व्हिक्टर चँडलरनं मात्र १९९९ मध्ये धंदा उचलून जिब्राल्टरला नेला. तिथे ब्रिटनचा पैजेवरचा कर लागत नव्हता. बाकीचेही निघण्याच्या बेतात होते, तेव्हा ब्रिटिश सरकारनं २००१ मध्ये पैज लावणाऱ्याकडून वसूल होणारा तो करच काढून टाकला. फोन आणि इंटरनेटवरची पैज तिथून सुसाट सुटली. खडूच्या पाटीपासून मोबाइलपर्यंतचा सगळा रस्ता एकाच घराण्यातून जातो.

माझ्या वर्गातल्या एका मुलानं गेल्या वर्षी सेमिस्टरची फी अशाच एका ॲपवर घालवली. रात्री अडीच वाजता, एकटा, पांघरुणात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला, त्याबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, 'लिंक येतातच गं, टेलिग्रामवर.' मला जुन्या बुकीचं कौतुक सांगायचं नाहीये. ११५ घेऊन १०० देणारा तो माणूस, त्याच्यापायी कित्येक घरांतल्या आयांनी पगाराच्या दिवशी नवऱ्याला गेटवर गाठायची धडपड केली असेल. पण शेवटची शर्यत झाली की तो पाटी पुसायचा, खोकं उचलायचा, दिवे बंद व्हायचे आणि खिसा रिकामा असो वा भरलेला, सगळ्यांना घरी जावंच लागायचं. रोखीचे संपले की संपले. या मुलाच्या हातात मात्र ट्रॅक चोवीस तास उघडा होता आणि पैसे खात्यातून बोटाच्या एका टिचकीवर जात होते.

आणि कुत्रे? त्यांच्या आठवणी सांगणारं कुणी नाही. ग्रेहाउंड पळतो फार तर तीन-चार वर्षं, जगतो बारा-तेरा. मधल्या वर्षांचं काय, हा प्रश्न स्टँडमध्ये कुणी विचारायचं नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या सीहम गावाजवळ एक माणूस निकामी ग्रेहाउंड पैसे घेऊन मारून पुरतो, असं एका वृत्तपत्रानं उघड केलं. आकडा दिला होता दहा हजारांच्या वर. त्यानंतर दत्तक देणाऱ्या संस्थांनी जोर धरला. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सनं फेब्रुवारी २०२५ मध्ये या शर्यती बंद करणार असल्याचं जाहीर केलं. मिक द मिलर १९३९ मध्ये मेला. त्याला पेंढा भरून जपून ठेवलंय, लंडनजवळच्या ट्रिंगच्या संग्रहालयात, काचेआड. घरी दत्तक गेलेले बाकीचे ग्रेहाउंड म्हणे दिवसभर सोफ्यावर झोपून असतात. ज्यांनी त्यांना घेतलंय, ते सगळे हीच तक्रार करतात.