भूमीचे धन आणि बडोद्याची वही

मल्हारराव गायकवाडांच्या अमदानीत बडोद्याने भरीव सोन्याच्या दोन तोफा ओतवून घेतल्या. लढाईच्या कामी त्या येणार नव्हत्याच. मिरवणुकीत मात्र त्या झळकत. त्याच सुमारास सारावाढीने गांजलेली रयत रेसिडेंटाच्या दारी गाऱ्हाणी घेऊन उभी होती. १८७४ साली दिवाणगिरीवर आलेल्या दादाभाई नौरोजींनी कारभाराची घडी बसविण्याचा प्रयत्न केला, परंतु वर्ष-सव्वा वर्षातच त्यांना ते पद सोडावे लागले. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. त्यात साम्राज्याचा स्वार्थ होताच. पण तिजोरी राजाची की राज्याची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला की परक्याला हात घालावयास निमित्त मिळते, हेही त्या प्रकरणाने दाखवून दिले.

त्या प्रश्नाचे उत्तर बडोद्याने पुढील दोन पिढ्यांत दिले. तंजावरकडील मराठी कुळातले सर टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूरचा अनुभव गाठीशी बांधून दिवाण म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीपासून राज्याचे वार्षिक प्रशासन-अहवाल छापले जाऊ लागले. वसूल किती, खर्च कशावर, शाळा किती, पाऊस किती, हे सारे त्यात असे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १८८१ साली अधिकारसूत्रे हाती घेतली आणि ही प्रथा नेटाने चालविली. संपत्तीचा निचरा आणि शेतसारा यांवर अधिकारवाणीने लिहिणारे रमेशचंद्र दत्त यांना त्यांनी १९०४ साली महसुलाचे काम सोपविले. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १९०६ साली साऱ्या राज्याला लागू केला. कलाभवन १८९० चे, बँक ऑफ बडोदा १९०८ ची. बडोद्याच्या भूमीत तेव्हा कोणी हिऱ्यांची खाण शोधून काढली नव्हती. जे होते ते शेतसाऱ्याचेच उत्पन्न. ते कोठे मुरवावे याचा विवेक मात्र होता.

तरीही या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांस रास्त वाटत नाही. सयाजीराव १९३९ साली निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या प्रतापसिंहरावांवर, ठरलेल्या खासगी खर्चापलीकडे राज्याच्या गंगाजळीतून फार मोठ्या रकमा उचलल्याचा ठपका आला. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची राजमान्यता काढून घेतली. अहवाल छापण्याची परंपरा साठ-पासष्ट वर्षांची. पण राजाचा हात अडवील असा लोकनियुक्त कायदा तिच्या पाठीशी नव्हता. सद्गुणावर उभी राहिलेली व्यवस्था सद्गुणी माणसाबरोबरच चितेवर चढते. आमच्या मते बडोद्याचा खरा धडा हाच आहे.

पुढे याच परिसरात भूमीने आपले धन उघडे केले. १९५८ साली खंबायतेजवळ आणि १९६० साली अंकलेश्वरला खनिज तेल सापडले. सोविएत साहाय्याने बडोद्यालगत कोयली येथे उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली चालू झाला. खतांचा कारखाना आला. १९६९ साली सरकारी पेट्रोरसायन महामंडळ स्थापन झाले. राजवाड्यांचे नगर धुराड्यांचे झाले, हजारो हातांना काम मिळाले. यात वाईट काही नाही. ते महामंडळ २००२ साली खासगी व्यवस्थापनाकडे गेले आणि २००७ साली एका बड्या कंपनीत विलीन झाले, तेव्हा वाद झाला तो बहुतांशी मालकीचा. तेलाच्या स्वामित्वशुल्काचा वादही केंद्राने राज्यास किती द्यावे, एवढ्याच परिघात फिरत राहिला. आलेले शुल्क कोणत्या रकान्यात लिहावे, हे कोणी विचारले नाही. ते नेहमीच्या महसुलात जमा होते आणि त्या वर्षाच्या खर्चात विरून जाते.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. कुळागरातील सुपारी विकून घर चालविणे हा संसार. कुळागरच विकून चतुर्थी साजरी करणे याला संसार म्हणत नाहीत. तेल, लोखंड, बॉक्साइट ही पुन्हा पिकणारी पिके नव्हेत. ती विकून आलेला पैसा हे उत्पन्न नसून विकलेल्या भांडवलाची किंमत आहे. जो अर्थसंकल्प ही किंमत उत्पन्न म्हणून दाखवितो, तो तूट असताना शिल्लक सांगतो. नॉर्वेने हे वेळीच ओळखले. तेथे तेल सापडले १९६९ साली. १९९० साली कायदा करून स्वतंत्र निधी निर्माण केला, १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली. उलट प्रशांत महासागरातील नाउरूने फॉस्फेटच्या जोरावर काही काळ जगातील श्रीमंतांच्या पंक्तीत बसून घेतले आणि गुंतवणुकीतील उधळपट्टीने तो ठेवा गमावला. त्या बेटाच्या पोटात आज बहुतांशी पोखरलेले खडक उरले आहेत. बसून खाल्ले तर कुबेराचे भांडारही पुरत नाही.

आणि आपला गोमंतक? शाह आयोगाने २०१२ साली येथील बेकायदा खाणकामाचे नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितले. हा आकडा वादग्रस्त ठरला. परंतु वाद घालावा लागला, हेच आपल्या वह्यांचे प्रमाणपत्र. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा दंडक घातला. जे आपल्या विधानसभेने स्वतःहून करावयाचे ते न्यायालयाला करावे लागले. २०२४ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने, स्वामित्वशुल्क हा कर नव्हे आणि खनिजहक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. म्हणजे राज्यांच्या हाती आणखी पैसा येऊ शकेल. तो कोणत्या वहीत जाणार?

आमची मागणी साधी आहे. खनिजांचा हिशेब अर्थसंकल्पात वेगळा मांडावा: वर्षभरात किती निघाले, अंदाजे किती उरले, किमतीपैकी किती लोकांच्या निधीत आले. तो मराठीत आणि कोंकणीत, पंचायतीच्या फलकावर लागावा. निधीच्या मुद्दलास हात लावण्याचा मोह कोणत्याही मंत्रिमंडळास होऊ नये अशी कायद्याची कडी हवी. माधवरावांचे अहवाल इंग्रजीत छापले जात. रयतेपैकी किती जणांना ते वाचता येत असतील? आजची रयत साक्षर आहे, मतदार आहे आणि मालकही आहे. मालकाने वही मागणे यात उद्धटपणा नाही. न मागणे हा मात्र पुढच्या पिढीचा अपराध ठरेल, कारण तिच्या वाट्याचे धनच आपण रोज जहाजांत भरून पाठवीत आलो आहोत.