'तर' आणि 'तरच' : एका 'च'चे मोल

गावच्या पंचायतीच्या फलकावर एक सूचना लागली आहे, असे समजू : 'थकीत घरपट्टी भरली तरच ना-हरकत दाखला मिळेल.' एक गृहस्थ ती वाचतात, त्याच दिवशी घरपट्टी भरतात आणि पावती घेऊन खिडकीपाशी जातात. कारकून पावती पाहून विचारतो, "जागेची कागदपत्रे कुठे आहेत? ती पाहिल्याखेरीज दाखला देता येणार नाही." गृहस्थ संतापतात. "घरपट्टी भरली की दाखला मिळेल, असे तुम्हीच लिहिले आहे ना?" कारकून शांतपणे म्हणतो, "तसे लिहिलेले नाही, काका. पुन्हा वाचून पाहा."

दोघांपैकी बरोबर कोण? आवाज चढवून हा प्रश्न सुटत नाही. तो सोडवण्याचे एक साधे साधन तर्कशास्त्राने आपल्या हाती दिले आहे. त्याला 'सत्यता कोष्टक' म्हणतात. त्यासाठी गणिताची विशेष तयारी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे.

तर्कशास्त्रात 'विधान' म्हणजे जे खरे किंवा खोटे ठरू शकते असे वाक्य. 'घरपट्टी भरली' हे एक विधान, 'दाखला मिळाला' हे दुसरे. प्रत्येक विधान एकतर खरे असेल किंवा खोटे, म्हणून दोन विधानांच्या मिळून चार शक्यता होतात. तीन विधाने असली की आठ, चार असली की सोळा. या साऱ्या शक्यता एकाखाली एक मांडायच्या आणि प्रत्येक ओळीत मूळ वाक्य टिकते की मोडते, हे पाहायचे. दोन वाक्यांची उत्तरे सर्व ओळींत जुळली, तर ती तार्किकदृष्ट्या सममूल्य. म्हणजे शब्द वेगळे असले तरी ती एकच गोष्ट सांगतात. एका जरी ओळीत उत्तर वेगळे आले, तरी ती सममूल्य नाहीत.

कोष्टक मांडण्यापूर्वी 'जर-तर'च्या वाक्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आई मुलाला म्हणते, "पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास तर सायकल घेऊन देईन." हा शब्द केव्हा मोडला असे म्हणता येईल? मुलगा पहिल्या वर्गात आला आणि तरीही सायकल मिळाली नाही, तेव्हाच. पहिला वर्ग हुकला आणि सायकलही मिळाली नाही, तर तक्रारीला जागा नाही. पहिला वर्ग हुकला, तरीही आईने दया येऊन सायकल घेतली, तर शब्द मोडला असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा 'जर-तर'चे वाक्य चारपैकी एकाच ओळीत खोटे ठरते : जेव्हा अट पुरी होते आणि फळ मिळत नाही. अट पुरी न होताही वाक्य खरे धरायचे, हे नवख्याला विचित्र वाटते. पण शब्द मोडला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता फलकाकडे वळू. 'भरली तर मिळेल' आणि 'भरली तरच मिळेल' ही दोन वाक्ये शेजारी मांडू.

| घरपट्टी भरली? | दाखला मिळाला? | 'भरली तर मिळेल' | 'भरली तरच मिळेल' |
|---|---|---|---|
| होय | होय | खरे | खरे |
| होय | नाही | खोटे | खरे |
| नाही | होय | खरे | खोटे |
| नाही | नाही | खरे | खरे |

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत उत्तरे भिन्न आली. दोन्ही वाक्ये सममूल्य नाहीत. 'तर' म्हणजे घरपट्टी भरणे ही पुरेशी अट : भरली की दाखला हक्काने मिळालाच पाहिजे. 'तरच' म्हणजे ती आवश्यक अट : न भरता दाखला मिळता कामा नये, पण भरल्यावर तो मिळेलच, असे वचन त्यात नाही. आपले गृहस्थ दुसऱ्या ओळीत उभे आहेत; घरपट्टी भरली आहे, दाखला मिळालेला नाही. त्या ओळीत 'तरच'चे वाक्य मोडत नाही. कारकून बरोबर आहे. एका 'च'ने वाक्याची दिशा फिरवली.

हेच वाक्य मराठीत आणखी दोन प्रकारे लिहिले जाते : 'घरपट्टी न भरल्यास दाखला मिळणार नाही' आणि 'घरपट्टी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही'. वाचकांनी ही दोन्ही वाक्ये वरच्या चार ओळींवर घासून पाहावीत. दोन्ही फक्त तिसऱ्या ओळीत खोटी ठरतात, अगदी 'तरच'च्या वाक्यासारखी. म्हणजे ही तिन्ही रूपे सममूल्य आहेत.

ही जाण आपल्या परंपरेला परकी नाही. न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना धूर आणि अग्नी यांचे उदाहरण तोंडपाठ असते. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघर. हा झाला अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे जलाशय. हा झाला व्यतिरेक. दोन्ही भाग उलटवून दोन्हींना नकार लावला की मूळ वाक्याशी सममूल्य वाक्य मिळते, असे सत्यता कोष्टक सांगते. धूर-अग्नीच्या उदाहरणात अन्वय आणि व्यतिरेक यांचे नाते नेमके तसेच आहे. मात्र नकार न लावता नुसतेच उलटवले, म्हणजे 'जेथे अग्नी तेथे धूर' असे म्हटले, की घात होतो. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धुरासाठी ओले सरपणही लागते, हे नैयायिकांनी नेमके हेरले होते. भूमितीत प्रमेय सिद्ध झाल्यावरही त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, त्यामागचे कारण हेच.

असा उलटा अर्थ काढण्याची किंमत कधी दाखल्याच्या एका खेपेपुरती असते, कधी फार मोठी. पावसाळ्यात ताप आला की डेंग्यूची चाचणी होते. 'चाचणी होकारात्मक आली तर डेंग्यू आहे' हे वाक्य आपण खरे मानू. अहवाल नकारात्मक येतो आणि घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात : 'चाचणी नकारात्मक आली, तर डेंग्यू नाही.' पण हे वाक्य पहिल्याशी सममूल्य नाही. रुग्णाला डेंग्यू आहे आणि चाचणी मात्र नकारात्मक, ही ओळ पाहा. तेथे पहिले वाक्य टिकते, दुसरे मोडते. ही ओळ केवळ कागदावरची नाही. एनएस-१ चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते आणि ती प्रामुख्याने आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. प्रतिपिंडांची चाचणी, उलट, काही दिवस उलटल्यावर होकारात्मक येऊ लागते. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी खऱ्या रुग्णालाही नकार देऊ शकते. म्हणूनच अहवाल नकारात्मक असूनही डॉक्टर लक्षणांकडे लक्ष ठेवायला आणि पुन्हा रक्त तपासायला सांगतात. त्यांचे ऐकावे.

दुसरा घोटाळा 'आणि'च्या नकारात दडलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जावर लिहिलेले असते : 'रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही.' एका विद्यार्थिनीकडे रहिवासी दाखला आहे, उत्पन्नाचा नाही. तिने तालुक्याच्या गावी खेप घालावी की नाही? 'दोन्ही मिळून नसतील तर', म्हणजे एकही कमी पडला तर अर्ज बाद, असा एक अर्थ होतो. 'हाही नसेल आणि तोही नसेल' तेव्हाच अर्ज बाद, असा दुसरा. चार ओळी मांडल्या की दिसते : दोन्ही दाखले असताना आणि एकही नसताना दोन्ही अर्थ जुळतात, एकच दाखला असलेल्या दोन ओळींत मात्र ते परस्परविरुद्ध उत्तर देतात. विद्यार्थिनी नेमकी त्या ओळींपैकी एकीत आहे.

'आणि'ला नकार दिला की त्याचा 'किंवा' होतो, 'किंवा'ला नकार दिला की त्याचा 'आणि' होतो. हे नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जातात. त्याचा जन्म 1806 साली मदुराईत झाला. 'रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, हे दोन्ही आहेत' याचा नकार 'दोन्हींपैकी निदान एक नाही' असा होतो, 'दोन्ही नाहीत' असा नव्हे. सूचना लिहिणाऱ्याने 'कोणताही एक दाखला कमी असला तरी अर्ज बाद होईल' असे लिहिले असते, तर संदेह उरला नसता.

सत्यता कोष्टकाचा प्रसार प्रामुख्याने 1921 सालापासून झाला. त्या वर्षी लुडविग विटगेनस्टाइन आणि एमिल पोस्ट यांनी आपापल्या लेखनात ते स्वतंत्रपणे मांडले. पुढे 1966 साली पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने एक कोडे प्रसिद्ध केले. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर, दुसऱ्या बाजूस अंक. समोर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, एक सम अंक आणि एक विषम अंक. नियम असा : 'एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो.' तो तपासायला कोणते पत्ते उलटावेत? पुष्कळ लोक स्वर आणि सम अंक निवडतात. बरोबर उत्तर आहे स्वर आणि विषम अंक, कारण नियम मोडू शकणारी ओळ तेवढ्याच दोन पत्त्यांमागे लपू शकते. सुशिक्षितही येथे फसतात. पण हाच नियम मद्यपान आणि वयाची अट अशा परिचित रूपात विचारला, की बहुतेकांना उत्तर सापडते, असे पुढील प्रयोगांत दिसले. आपली बुद्धी कमी पडते असे नाही; अपरिचित वाक्यासमोर ती घाईने चालते.

कोष्टकाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. घरपट्टीचा नियम न्याय्य आहे की नाही, हे ते सांगत नाही. कशामुळे काय घडते, हेही त्यातून कळत नाही. बोलणाऱ्याचा हेतू तर त्याच्या कक्षेबाहेरच आहे. आई 'तर' म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुधा 'तरच' असते आणि मुलालाही ते ठाऊक असते. घरात हे चालते. फलकावर, करारात, विम्याच्या कागदावर चालत नाही, कारण तेथे वाद झाला की वाक्य जसे लिहिले तसेच वाचले जाते.

म्हणून सही करण्यापूर्वी किंवा रांगेत उभे राहण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे वाक्य नेमके कोणत्या ओळीत मोडेल? आणि सूचना लिहिणाऱ्यांनीही तोच प्रश्न विचारावा. पंचायतीचा कारकून तर्काने बरोबर होता, तरी फलक अपुरा होता. 'घरपट्टीची पावती आणि जागेची कागदपत्रे, दोन्ही आणल्यास दाखला मिळेल. एकही कमी असल्यास मिळणार नाही,' एवढे लिहिले असते, तर त्या गृहस्थांची खेप वाचली असती.