रुई, रजई आणि चौदा हजार टाके

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन काय करता हो तुम्ही? पहिले दोन दिवस झोप, तिसऱ्या दिवशी चिवडा आणि शंकरपाळे, चौथ्या दिवसापासून मोबाइल आणि ‘लग्नाचं काय ठरवलं?’ या प्रश्नापासून पळापळ. बरोबर ना? यावर एक हटके उपाय सांगते. आपल्या गावातल्या गादी-रजईवाल्याकडे जा आणि चार दिवस काम मागा. सिरियसली!

मी अमरावतीत हेच केलं. ज्या दुकानात आमच्या घरच्या गाद्या वर्षानुवर्षं पिंजायला जातात, तिथेच वसुबारसेला जाऊन उभी राहिले. दुकानाचे मालक, ज्यांना अख्खा मोहल्ला चाचा म्हणतो, ते आधी खूप हसले. ‘बेटा, रुई नाक में जाएगी.’ मग त्यांनीच नाकातोंडाला बांधायला एक सुती कपडा दिला. पगार : दिवसाला चार कप चहा. पुण्यातल्या एखाद्या इंटर्नशिपपेक्षा बरंच म्हणायचं.

दिवाळी ते संक्रांत हा या दुकानांचा सीझन. थंडी सुरू होते, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नंही सुरू होतात आणि लेकीच्या आंदणात गादी, रजई, उशा अजूनही लागतात. पण नवीन मालापेक्षा जास्त गर्दी असते जुन्याची. आपल्याला हे माहीतच नसतं, कारण आपला फंडा सोपा. कम्फर्टर ऑनलाइन मागवायचा, दोन वर्षांनी त्यातल्या फायबरच्या गुठळ्या झाल्या की फेकायचा. रजईचा हिशेब वेगळा आहे. ती दबते, कडक होते, मग उसवायची, आतली रुई काढायची, पिंजायची आणि पुन्हा भरायची. तीच रुई! चाचांकडे येणाऱ्या कित्येक रजया गिऱ्हाइकापेक्षा वयाने मोठ्या होत्या.

माझं पहिलं काम उसवण्याचं. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगाखाली दबून खाकरा झालेली रुई बाहेर काढली की ती कापूस वाटतच नाही. मग ती मशीनमध्ये जाते. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरायचे. तातेवर ठोका पडला की जो ‘टुंग टुंग’ आवाज यायचा, तो आईला अजून आठवतो. चाचांच्या वडिलांची पिंजण दुकानात छताला टांगलेली आहे. आता सगळं मशीन करतं आणि आवाज आपल्या मिक्सरसारखा. पण पलीकडून जे बाहेर पडतं ते बघून मी दोन मिनिटं गप्प बसले. दगडासारख्या गोळ्याचा ढग! यात जादू काहीच नाही. चिकटलेले तंतू सुटे होतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवाच. म्हणून रजईला ऊन दाखवायचं, पाणी नाही. धुतली की रुईचे गोळे होतात आणि तुम्ही पुन्हा चाचांच्या दारात.

रुई तोलायची, खोळीवर थर द्यायचा, बारीक छडीने मारून तो सारखा करायचा आणि मग लांब सुईने दोरा घालायचा. छडी मारायला मला मिळाली. (बॉसचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, काम फटाफट होतं.)

आता गोधडी. पुष्कळ जण रजई आणि गोधडी एकच समजतात. गोधडीत रुई नसतेच. जुनी लुगडी, धोतरं, साड्या यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे. त्यामुळे ती बिनधास्त धुता येते. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात आणि अस्सल वऱ्हाडीत ‘वाकय’, कारण वऱ्हाडी जिभेवर ळ चा य होतो. दुकानाच्या मागच्या खोलीत एक मावशी ऑर्डरच्या गोधड्या शिवत बसतात. दुपारनंतर माझी ड्युटी त्यांच्याकडे. कडेपासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत आत यायचं. माझी पहिली ओळ बघून त्या म्हणाल्या, ‘टाका लहान घे बाई. मोठ्या टाक्यात जोडवं अडकते.’ डिझाइन स्कूलमध्ये कुणी इतकं स्पष्ट कारण देत असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी गणित मांडलं. गोधडी ६ फूट बाय ४ फूट. ओळींमध्ये एक इंच अंतर धरलं तर टाक्यांची एकूण लांबी २८८ फूट भरते. इंचाला ४ टाके, म्हणजे १३,८२४ टाके. एका टाक्याला फक्त ३ सेकंद धरा. साडेअकरा तास! पाणी प्यायलाही न उठता. आता तुमचा महिन्याचा पगार तासात वाटून बघा, त्याला साडेअकराने गुणा आणि मग मावशींशी घासाघीस करायला जा. दुकानात मात्र रोज हेच चालायचं. ‘जुनेच तर कपडे आहेत, शिवायचे एवढे कसे?’ गळ्यात सोन्याची चेन घातलेल्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलंय. तीच माणसं मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात ‘हँडमेड पॅचवर्क’ची पाटी दिसली की मुकाट्याने कार्ड पुढे करतात.

गोधडीला गरिबीचं लक्षण मानणाऱ्यांना अमरावतीत तरी तोंड वर करून बोलता येऊ नये. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) अंगावर चिंध्यांचं वस्त्र घालून गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणायचे. शहरातलं विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने आहे.

तिसऱ्या दिवशी मी चाचांना सहज विचारलं, ‘रुई आपल्याच शेतातली ना?’ ते पुन्हा हसले आणि कोपऱ्यातली तीन पोती दाखवली. एकात गिरणीतला उरलेला कापूस, दुसऱ्यात कपड्यांच्या कातरणी फोडून केलेली रुई, तिसरं जवळजवळ रिकामं. ते देशी रुईचं. ‘अकोला साइड से आती थी. अब कौन बोता है?’

भाऊबीजेला आई मामाकडे अकोल्याला निघाली, मीही बडनेऱ्याहून तिच्यासोबत गाडीत बसले. दोन्ही बाजूंना पांढरी होऊ लागलेली शेतं. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात तिला. मामाच्या शेतावर ती होऊन गेली होती. एकेकाळी या कापसाचा दरारा होता. अमरावतीच्या, म्हणजे उमरावतीच्या नावावरून वऱ्हाडचा कापूस थेट लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून विकला जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इथला भाव आभाळाला भिडला. त्याच दशकात रेल्वेही वऱ्हाडात आली.

तो कापूस देशी होता. तंतू आखूड आणि जाडसर. बारीक सुताला तो तितकासा कामाचा नाही, पण गादी-रजईत भरायला झकास, कारण तो चटकन दबत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) ‘एकेए’ मालिकेतले देशी वाण दिलेही आहेत. पण गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा असतो. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बघता बघता शिवारच्या शिवार तिच्याकडे वळलं. मी मामाला म्हटलं, देशी का लावत नाहीस? ‘बोंड एवढंसं. येचाले बाई दुप्पट दिवस लावते. मजुरी कोन देईन, तुहे चाचा?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापसाच्या मुलखात आपण दुसऱ्यांच्या कापडाची कातरण पांघरतो आहोत, एवढं मात्र कळलं.

परत आल्यावर मावशींकडे विषय काढला, तर त्यांची अडचण अजून वेगळी. त्यांना हवे असतात वापरून वापरून मऊ झालेले सुती कपडे. येतात त्या जॉर्जेटच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या. थर सरकतात, सुई घसरते, वर अंगाला गार लागतात. मी उत्साहाने माझे जुने कपडे देऊ केले. मावशी म्हणाल्या, टी-शर्ट ताणते, जीन्समधी सुई मोडते. माझ्या कपाटात ठासून कपडे आहेत आणि त्यातून एक गोधडी निघत नाही! तुमच्याकडे आजीची लुगडी पेटीत पडून असतील तर भांडेवाल्या बाईला देण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

शेवटच्या दुपारी दोघी बहिणी आल्या. दोघी चाळिशीच्या पुढच्या, एक अचलपूरची, दुसरी सुट्टीपुरती नाशिकहून आलेली. गाठोड्यात आईची तीन नऊवारी लुगडी. आई मार्चमध्ये गेली. एक मोठी गोधडी करायची म्हणून आल्या होत्या, पण ती ठेवायची कुणाकडे यावर रस्त्यातच भांडण झालेलं दिसत होतं. एकमेकींकडे न बघता दोघी चाचांशी बोलत होत्या. मावशी आतून आल्या, गाठोडं सोडलं, वरचं हिरवं लुगडं हातभर उलगडून उजेडात धरलं. नाशिकच्या बहिणीने लगेच काठावर हात ठेवला. ‘हा काठ मला हवा.’

‘लुगड्याले काठ दोन असतात, बाई,’ मावशी म्हणाल्या. ‘दोन लहान वाकया करतो. एकीले एक काठ, दुसरीले दुसरा.’

मोठीने विचारलं, मधलं कापड पुरेल का? मावशींनी तिन्ही लुगडी वीत टाकत मोजली, दोनदा मोजली. पुरेल म्हणाल्या, पण अस्तराला एक एक धोतर लागेल. वडिलांचं असेल तर आणा. चाचांनी वहीत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या आणि तारीख टाकली, संक्रांतीच्या आधीची.