न दिसणारे पुढचे चाक : संगणकातले विमान घडवताना

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पवहीत एक चित्र चिकटवले होते. जुहूच्या किनाऱ्यावरून वळणारे पांढरे विमान आणि त्याच्या अंगावर ठळक अक्षरे : व्हीटी-एडीएन. खाली तिने वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आणलेले विमान.’ बाईंनी पूर्ण गुण दिले होते. वही कौतुकाने माझ्यापुढे आली तेव्हा मला मात्र घाम फुटला. कारण ते चित्र माझ्याच संगणकावरचे होते आणि ते टाटांचे विमान नव्हते. ते सेसना १७२ होते, म्हणजे ज्या जातीचे पहिले विमानच मुळी १९५५ साली उडाले. मी त्याला फक्त रंग देऊन ती अक्षरे लिहिली होती.

संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळातले विमान आपल्याला हवे तसे बदलता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. ते कसे बदलतात आणि बदलताना कुठे थांबून विचार करावा लागतो, हे सांगण्यासाठी हा लेख. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य हिशेबाच्या नोकरीत गेले. जुन्या विमानांविषयी टिपणे काढण्याचा नाद होता, त्यातून पन्नाशीत या कामाकडे वळलो. जे काही आले ते फाईली उघडून आणि बऱ्याचदा बिघडवून आले.

माझा सगळा अनुभव ‘फ्लाइटगिअर’ या सिम्युलेटरवरचा आहे. १९९६ साली डेव्हिड मर यांनी कल्पना मांडली की, असा एखादा सिम्युलेटर लोकांनी मिळून करावा आणि तो सर्वांना खुला असावा. पुढे कर्टिस ओल्सन आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती प्रत्यक्षात आणली. तो फुकट मिळतो, पण माझ्यासारख्याला त्याहून महत्त्वाचे हे की त्याच्या पोटातले सगळे उघडून वाचता येते. परवाना बदल करण्याची मुभा देतो. अट एवढीच, की बदललेली वस्तू इतरांना द्यायची तर ती त्याच मोकळेपणाने द्यायची आणि आधीच्या कर्त्यांचे हक्कनिर्देश पुसायचे नाहीत. आपल्याकडे पोथीच्या नकला करणारे लोक शेवटी आपले नाव लिहीत, तसे इथे नावांची रांग वाढत जाते.

पहिला नियम : मूळ विमानाला हात लावायचा नाही. त्याच्या पूर्ण फोल्डरची नक्कल करावी आणि जे करायचे ते नकलेत करावे. दुसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच उडवून पाहावे. तीन बदल एकदम केले आणि विमान उलटे पडले, तर दोष कोणत्या बदलाचा हे शोधण्यात रविवार जातो.

आता विमानाचे रूप कशाचे बनते ते पाहू. दिवाळीत घरी आकाशकंदील केला असेल तर हे पटकन कळेल. आधी कामट्यांचा सांगाडा, मग त्यावर कागद. संगणकातले विमानही तसेच असते. सांगाडा म्हणजे अवकाशातले शेकडो, हजारो बिंदू आणि त्यांना जोडून केलेले छोटे छोटे पृष्ठभाग. फ्लाइटगिअरमध्ये हा सांगाडा बहुधा ‘एसी’ प्रकारच्या फाईलमध्ये असतो. ती साध्या नोंदवहीसारख्या प्रोग्रॅममध्येही उघडते. वरच्या ओळींत रंगद्रव्यांची माहिती, मग एकेका भागाचे नाव, मग त्याचे बिंदू किती हा आकडा आणि खाली प्रत्येक बिंदूचे तीन आकडे : लांबी, उंची, रुंदी, सगळे मीटरमध्ये. खतावणी वाचलेल्या माणसाला ही फाईल परकी वाटत नाही.

कागद म्हणजे टेक्श्चर, एक साधे चौकोनी चित्र. विमानाचे कातडे सोलून जमिनीवर पसरावे तसे त्यात पंख, धड, शेपूट सुटे सुटे मांडलेले असते. प्रत्येक बिंदूसोबत आणखी दोन आकडे असतात आणि तो बिंदू या चित्रातल्या कोणत्या जागेला चिकटतो हे ते सांगतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. चित्र रंगवण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ते उघडावे, रंग बदलावा आणि त्याच नावाने, त्याच मापात जतन करावे. ही मापे ५१२, १०२४, २०४८ अशी दुपटीने चढत जातात. ती मोडू नयेत.

इथला ठरलेला अपघात अक्षरांचा. काही मॉडेलांत धडाच्या दोन्ही बाजूंना कातड्याचा एकच तुकडा वापरलेला असतो. मग डाव्या बाजूला नीट लिहिलेले नाव उजव्या बाजूला आरशातल्यासारखे उलटे उमटते. व्हीटी-एडीएनमधली इंग्रजी व्ही, टी आणि ए ही अक्षरे आरशातही तशीच दिसतात, म्हणून पहिल्या नजरेला चूक लक्षात येत नाही. डी आणि एन मात्र चोरी पकडून देतात. उपाय एकच : दुसऱ्या बाजूच्या बिंदूंना टेक्श्चरमध्ये वेगळी जागा द्यायची.

रूपानंतर हालचाल. विमानाच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ‘सेट’ असलेली एक फाईल असते. ती म्हणजे घराची मुख्य चावी. रूपाची फाईल कोणती, उड्डाणाचे गणित कोणत्या फाईलमध्ये, आवाज कुठले, हे सगळे तीच सांगते. तिच्या मागे मागे गेले की हालचालींची यादी सापडते. समजा, डाव्या पंखाच्या मागच्या कडेचे एलेरॉन हलवायचे आहे. यादीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात : हलणाऱ्या भागाचे नाव, कोणत्या संख्येनुसार हलायचे, किती हलायचे आणि कोणत्या बिजागरीभोवती. एलेरॉनची संख्या उणे १ ते अधिक १ अशी फिरते. तिला २०ने गुणले की तो भाग दोन्ही दिशांना २० अंश हलतो. चिन्ह चुकले तर तो उलटा हलेल. म्हणून खरा वैमानिक उड्डाणापूर्वी करतो तीच तपासणी इथेही करावी : दांडी उजवीकडे, तर उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली. नावाचेही तसेच. आकार बदलण्यासाठी ‘ब्लेंडर’ हे फुकट मिळणारे साधन वापरतात, त्याला एसी फाईल वाचणारी जोडणी बसवावी लागते. तिथे सहज म्हणून एखाद्या भागाचे नाव बदलले, तर यादीतल्या जुन्या नावाला कोणी ओ देत नाही आणि तो भाग हलायचा थांबतो.

आणखी एक खाच आहे. रूपाच्या फाईलमध्ये उंचीचा अक्ष वाय असतो, तर हालचालीच्या यादीत झेड. हे न कळल्यामुळे माझ्या विमानाचे दार पहिल्यांदा उघडले ते थेट पंखातून वर गेले.

एवढे जमल्यावर मी हुरळलो होतो. प्रकल्पवहीतले चित्र त्याच दिवसांतले. डी हॅविलंड कंपनीचे पुस मॉथ आणि सेसना, दोघांचेही पंख धडाच्या वर. पुस मॉथचा पंखविस्तार ११.२ मीटर, सेसनाचा ११ मीटर. लांबून कोणाला कळणार, असा माझा हिशेब. पण वैमानिकी जवळून पाहिलेल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना ते चित्र दाखवले, तर त्यांनी क्षणात विचारले, “अहो, याला पुढे चाक कुठून आले?”

खरेच. सेसनाला तीन चाके, त्यांतले एक नाकाखाली. पुस मॉथला पंखांखाली दोन चाके आणि शेपटीखाली एक टेकू. ते जमिनीवर नाक वर करून, मागे रेलून उभे राहते. मी त्या रात्री ब्लेंडर उघडले, पुढचे चाक आणि त्याचा दांडा पुसून टाकला आणि सिम्युलेटर सुरू केला. विमान धावपट्टीवर होते तसेच उभे! पुढे चाक नाही, नाक अधांतरी, तरी तसूभरही झुकले नाही. न दिसणाऱ्या चाकावर ते आरामात टेकले होते.

या विद्येतली खरी मेख मला तेव्हा कळली. आपण पाहतो ते विमान आणि उडते ते विमान, ही दोन वेगळी विमाने असतात. पहिले आकारांचे आणि रंगांचे. दुसरे निव्वळ आकड्यांचे, ज्याला रंग नाही, रूप नाही. पडद्यावर ती एकमेकांवर बसवलेली असतात इतकेच. मी पुसले ते चित्रातले चाक. आकड्यांमधले चाक जागच्या जागी होते.

सेसनाचे हे आकडे ‘जेएसबीसिम’ या गणिती यंत्रणेसाठी लिहिलेले आहेत. त्या फाईलमध्ये पंखाचे क्षेत्रफळ, रिकाम्या विमानाचे वजन, गुरुत्वमध्य आणि विमान जमिनीला जिथे जिथे टेकते ते बिंदू असतात. इथे अंतरे मीटरमध्ये नाहीत, इंचांत आहेत. १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच हे विसरले की चाके जमिनीत रुततात किंवा विमान तरंगते. मी पुढच्या चाकाचा बिंदू काढला आणि विमान नाकावर आपटले. कारण सेसनाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. पुढचा भार पेलायलाच तर ते तिसरे चाक असते. शेपटीवर रेलणाऱ्या विमानात उलट हवे : मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे. ती सरकवली तेव्हा कुठे विमान मागे टेकले.

पण त्याबरोबर त्याचा स्वभावही बदलला. जमिनीवर धावताना वजन चाकांच्या मागे असल्यामुळे ते जरा वळले की आणखी वळू पाहते. हातगाडी ओढण्याऐवजी मागून ढकलली की ती जशी भलतीकडे वळते, तसे. उतरल्यावर पाय सुकाणूवरून काढायची सोय नाही. पहिल्या वीस प्रयत्नांत मी जुहूच्या धावपट्टीवर सरळ थांबलो असेन ते तीनदा. १९३२च्या वैमानिकांना रोज काय सांभाळावे लागत होते, हे मला कोणत्याही पुस्तकाने इतके कळवले नव्हते.

मग एकेक फरक दिसू लागला. सेसनाचे इंजिन १६० अश्वशक्तीचे, पुस मॉथचे जिप्सी ३ इंजिन १२०चे. या जिप्सीचे चारही सिलिंडर खाली लोंबणारे, म्हणून नाकाचा वरचा भाग उतरता आणि वैमानिकाला पुढचे अधिक दिसते. पुस मॉथला फ्लॅप नव्हते. मग उतरताना वेग कसा मारायचा? त्याची एक नामी सोय होती. चाकांच्या दांड्यांवर वारा कापण्यासाठी निमुळती आवरणे होती, ती वैमानिकाला ९० अंशांत फिरवता येत. निमुळती बाजू वाऱ्यापुढून जाऊन रुंद बाजू आडवी आली की तोच भाग ब्रेकचे काम करी. हे मी मॉडेलमध्ये केले तेव्हा दोन्हीकडे लिहावे लागले : चित्रात आवरण फिरले पाहिजे आणि आकड्यांत वाऱ्याचा अडथळा वाढला पाहिजे. एकच लिहिले तर दुसरी बाजू खोटी पडते.

जुन्या विमानाचे सगळे आकडे मिळत नाहीत. अशा वेळी फ्लाइटगिअरमधली ‘यासिम’ ही दुसरी यंत्रणा उपयोगी पडते. तिला पंख-शेपटीची मापे, वजन, उतरण्याचा आणि संथ प्रवासाचा वेग सांगितला की त्यांच्याशी जुळेल असे गणित ती स्वतः बसवते. ते अंदाजाचेच गणित, पण अंदाज म्हणून वाईट नाही.

इथेच त्या प्रकल्पवहीचा प्रश्न परत येतो. अंदाज करण्यात पाप नाही. तो अंदाज आहे हे न सांगण्यात आहे. मॉडेल एकदा आपल्या हातून सुटले की त्याचे चित्र होते, चित्राखाली ओळ येते आणि ती ओळ पुरावा होऊन बसते. म्हणून विमानाच्या फोल्डरमध्ये माहितीची एक साधी फाईल ठेवण्याची पद्धत आहे, ती मी आता आधी लिहितो. कोणती मापे छापील आहेत, कोणती छायाचित्रावरून मोजली, कोणती मी ठरवली, असे तीन रकाने. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावरून रंग ठरवता येत नाही, म्हणून रंग तिसऱ्या रकान्यात.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. त्या वेळी विमान पुस मॉथ नव्हते, त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ होते, आणि ते लेपर्ड मॉथ म्हणूनच सांगितले गेले. त्यामुळे त्या उड्डाणाचे मोल काही कमी झाले नाही.

भाचीच्या मुलीला मी सगळे खरे सांगितले. गुण जातील म्हणून ती थोडी हिरमुसली. मग तिने चित्राखालची ओळ खोडली आणि लिहिले, ‘हे सेसना आहे. टाटांचे विमान असे दिसत नव्हते. पुढचे चाक पाहा.’ नंतर माझ्याशेजारी बसून तिने नकलेचे फोल्डर उघडले आणि विचारले, “मामाआजोबा, मी आधी कोणता आकडा बदलू?”

“कोणताही,” मी म्हटले, “पण एकच. आणि तो आधी काय होता ते लिहून ठेव.”